डाव्या हाताचं गाणं

गाडीतला कॅसेटचा टेप चालवणं ही डाव्या हाताची कला होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजव्या बाजूला. उजवा हात रस्त्याशी बांधलेला, म्हणून गिअर आणि गाणं ही दोन्ही कामं डाव्याकडे. नव्वदच्या दशकात आर्वी–तळेगाव, हिंगणघाट–समुद्रपूर–गिरड किंवा वर्धा–देवळी–पुलगाव अशा रस्त्यांवर काळी-पिवळीत दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी तो हात पाहिला आहे. गिअरच्या दांड्यावरून सुटून तो टेपकडे जायचा, दोन क्षण तिथे काहीतरी करायचा आणि परत दांड्यावर यायचा. ड्रायव्हरची नजर मात्र समोरच्या बैलगाडीवर. त्या दोन क्षणांत किती समज असायची, ती नीट उलगडून पाहावी असं मला फार दिवसांपासून वाटतं.

आधी टेपच्या दर्शनी पट्टीची मांडणी पाहा. साधारण 18 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर उंच एवढीच जागा. दोन टोकांना दोन गोल बटणं, मध्ये कॅसेटचं तोंड, त्याच्या शेजारी दाबायच्या दोन-तीन कळा. डावं बटण फिरवलं की पहिल्यांदा 'टक्' आवाज यायचा, म्हणजे टेप सुरू; पुढे फिरवत गेलं की आवाज चढायचा. त्याच बटणाच्या मागे एक पातळ कडं असे. जुन्या टेपमध्ये त्यानं सूर जाड-बारीक व्हायचा, नव्यात डावा-उजवा स्पीकर कमी-जास्त व्हायचा. उजवं बटण रेडिओचं. अंधारातही सापडावी अशी ही रचना होती: टोकं बोटांना आधी लागतात, मग मधलं आपोआप कळतं. कुठे काय आहे हे वाचायची गरज पडत नसे, आणि हे मला त्या यंत्राचं मोठं सौंदर्य वाटतं.

कॅसेट आत घालण्यातही रीत होती. फितीची उघडी कड बहुतेक टेपमध्ये उजवीकडे ठेवायची. त्याआधी कॅसेट उजेडात धरून फीत सैल तर नाही ना ते बघायचं, सैल असली तर पेन्सिल दातेरी भोकात घालून दोन वेढे आवळायचे. हे न करणाऱ्याची फीत रबरी चाकाला गुंडाळली जायची आणि मग वाटेत गाडी थांबवून तपकिरी आतडी बाहेर काढत बसावं लागायचं. कॅसेट ढकलताना आधी थोडा अडसर जाणवायचा, आणि मग ती एकदम आतून ओढल्यासारखी खाली बसायची. त्यानंतर फितीच्या सुरुवातीचा कोरा तुकडा सरकायचा. त्या चार-पाच सेकंदांत गाडीतली बडबड थोडी मंदावायची.

फिलिप्सनं 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट मांडली, तेव्हा ती मुख्यतः बोलणं टिपून ठेवायला होती. गाण्यासाठी ती उत्तम मानली जात नसे. 3.81 मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेग, बस्स. या वेगाचा हिशेब करून पाहिला की मला नेहमी गंमत वाटते. पाच मिनिटांचं भजन म्हणजे चौदा मीटरहून थोडी जास्त फीत, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे सुमारे 86 मीटर. गाण्याला अशी खरोखरची लांबी होती. ते शोधायचं म्हणजे तेवढं अंतर तोडायचं.

ड्रायव्हरची खरी परीक्षा इथे. मागून कुणी म्हणालं, "भाऊ, ते मघाचं भजन पुन्हा लावा ना," की डावा हात मागे गुंडाळायची कळ दाबायचा आणि तोंडानं मोजणी सुरू व्हायची. पण नुसती मोजणी पुरत नसे. गुंडाळताना चकती जवळपास ठरलेल्या गतीनं फिरते. तिच्यावर फीत कमी असेल तर एका फेऱ्यात थोडी सरकते, भरत आली की एका फेऱ्यात पुष्कळ. भरलेल्या चकतीचा व्यास रिकाम्या चकतीच्या जवळपास दुप्पट होतो. म्हणजे तेच दहा आकडे एका टोकाला मोजले तर एक भजन मागे जायचं आणि दुसऱ्या टोकाला दोन. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. पण रोज तीच कॅसेट वाजवणारा माणूस बाजूच्या शेवटाकडे दहा म्हणायचा आणि सुरुवातीकडे पाचावरच कळ सोडायचा, आणि नेमका कडव्याच्या आधीच्या ठेक्यावर उतरायचा. मी असा हात पाहिला आहे. ते उतरणं एखाद्या तबलजीनं समेवर येण्याइतकं देखणं असायचं.

महागड्या टेपमध्ये गाणं शोधून देणारी सोय आली होती. फितीवरची शांतता ओळखून यंत्र आपोआप थांबायचं. सिनेमाच्या गाण्यांना ते छान जमे. पण आपल्या भागात वाजायचं काय? सप्तखंजेरीवाल्या सत्यपाल महाराजांचं कीर्तन, त्यात मधे शांतता कुठली! लोकांचं हसणं, टाळ्या, खंजेरीची उसळी, लगेच पुढचा दृष्टांत. पु. लं.च्या कथाकथनाचीही तीच गत. बिचारं यंत्र शांतता शोधत थेट कॅसेटच्या टोकाला जाऊन धडकायचं. तिथे तोंडानं केलेली मोजणीच कामी यायची.

खंजेरीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण माझ्या मते गाडीतल्या टेपची खरी पारख तिच्यावरच होते. वर्धा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांत वाढलेला आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये आष्टीत उठाव झाला, तेव्हा त्यांच्याच भजनांनी माणसं पेटलेली होती. महामार्गानं तळेगावहून पुढे वर्धा नदी ओलांडली की तिवसा आणि मग महाराजांचं गुरुकुंज मोझरी. त्या वाटेवर खंजिरी वाजत नसलेली गाडी विरळाच. खंजिरीच्या कातड्याचा घुमारा टेपला सहज पेलतो. तिच्या कडेला बसवलेल्या चकत्यांची ती बारीक, चमकती छनछन मात्र पार वरच्या सुरांत असते आणि सगळ्यात आधी तीच मरते. फीत वाचणाऱ्या हेडवर धूळ आणि फितीची भुकटी साचली की छनछन बोथट होते. हेडचा कोन केसभर जरी ढळला तरी ती जाते, आणि मग नुसता 'धब्-धब्' ऐकू येतो. पुष्कळ लोक मग ट्रेबल वाढवायचे. त्यानं छनछन परत येत नाही, फक्त फितीची खरखर वाढते.

जाणकार काय करायचे? कापसाच्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा! काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा, हेड आणि रबरी चाक पुसायचं. कापूस तपकिरी होऊन यायचा. तो पांढरा निघेपर्यंत पुसत राहायचं. एवढ्यानं भागलं नाही तर रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक चिमुकला स्क्रू असतो. दुरुस्तीवाला भजन चालू ठेवून तो स्क्रू पाव फेऱ्यानं इकडे, पाव फेऱ्यानं तिकडे फिरवायचा. आवाज झाकोळलेला, झाकोळलेला आणि मग एकदम लख्ख! खंजिरीच्या चकत्या जणू समोर येऊन वाजायला लागायच्या. तो क्षण ज्यानं ऐकला आहे त्याला रंगाचा एक थेंब स्क्रूवर लावून तो का कायम करतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

कधी हेड खाली-वर सरकलं तर आणखी एक चमत्कार घडे. त्या 3.81 मिलिमीटरमध्ये दोन्ही बाजूंची गाणी शेजारी शेजारी असतात. भजन चालू असताना त्याच्या मागे दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं, कुजबुजल्यासारखं ऐकू यायचं. लहानपणी त्याची भीती वाटायची. आता वाटतं, फितीची सगळी बांधणी कानाला दाखवणारा याहून चांगला धडा नव्हता.

आवाजाचं बटण आणि गिअर यांचं नातं मी बारकाईनं ऐकलं आहे. तिसऱ्यातून चौथ्यात गाडी गेली की डिझेल इंजिनाची घरघर, ताडपत्रीची फडफड आणि वारा मिळून गाणं गिळायचे. डावा हात दांड्यावरून सुटून बटण किंचित चढवायचा. गाव आलं, गती उतरली, की तोच हात बटण उतरवायचा. नाही उतरवलं तर स्टँडवरच्या माणसांच्या कानठळ्या बसायच्या. बासचंही तसंच. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज मुळात भरदार. त्यांच्या विठ्ठलाच्या किंवा भीमगीतांच्या कॅसेटला बास वाढवला तर शब्द चिखलात रुतल्यासारखे होतात. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे निघालेल्या गाड्यांत हे हटकून व्हायचं, उत्साहाच्या भरात. त्या आवाजाला बास कमी आणि मधला सूर मोकळाच चांगला. भीमराव पांचाळ्यांच्या गझला मात्र काळी-पिवळीत लावूच नयेत. दोन शेरांमधला ठहराव इंजिन खाऊन टाकतं. त्यांना ॲम्बेसेडर हवी, काचा वर केलेली.

आणि फेडर. आवाज पुढच्या स्पीकरकडून मागच्याकडे नेणारी ती छोटीशी सोय. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर एखादी बाई मूल झोपवत बसली, की चांगला ड्रायव्हर न सांगता आवाज पुढे ओढून घ्यायचा. "काकाजी, तुम्हाले ऐकू येते ना?" एवढंच शेजारच्याला विचारायचा. सगळ्या कळांमध्ये माणसाचा स्वभाव दाखवणारी कळ मला हीच वाटते.

वर्ध्याच्या उन्हाचा हिशेब यंत्र बनवणाऱ्यांनी धरलेला नसावा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. काचेखाली ठेवलेली कॅसेट तासाभरात पापडासारखी वाकायची. म्हणून कॅसेट सीटखाली, फडक्यात. बॅटरी उतरलेली असली आणि टेप थेट तिलाच जोडलेला असला, की स्टार्टर मारताना गायकाचा सूर घसरत खाली जायचा आणि इंजिन लागताच पुन्हा जागेवर यायचा. प्रवासी हसायचे.

ऑटो-रिव्हर्सच्या टेपमध्ये दोन्ही गुंडाळायच्या कळा एकदम दाबल्या की बाजू बदलायची. सोय मोठी, पण मला हातानं पलटवणंच आवडे. बाजू संपते, खट् होतं, क्षणभर फक्त रस्ता ऐकू येतो, कुणीतरी म्हणतं, "पलटव ना बाप्पा!" ऐकणाऱ्यांना आपण ऐकत होतो हे तेव्हा कळायचं.

गाडी बंद करण्याआधी कॅसेट बाहेर काढायची, हा शेवटचा नियम. किल्ली फिरवून तसंच उतरलं तर साध्या टेपमध्ये रबरी चाक फितीवर दाबलेलंच राहतं. त्याला खळगा पडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून दर फेऱ्याला सूर हेलकावतो. म्हणून स्टँडवर आधी कॅसेटची कळ, मग किल्ली. अर्धी बाहेर आलेली कॅसेट आपली जागा सोडत नसे. तळेगावात थांबवलेलं कीर्तन परतीच्या फेरीत तिथूनच पुढे सुरू व्हायचं. गाडीत बसलेली माणसं मात्र दुसरी, त्यांच्या हाती कथेचं अर्धं टोक. काही ड्रायव्हर तसंच लावून द्यायचे. आर्वीच्या रस्त्यावरचा एकजण मात्र गाडी भरेपर्यंत पेन्सिलीनं कॅसेट हातानंच मागे गुंडाळत बसायचा, बॅटरीवर भार नको म्हणून. नवीन बसलेल्यांना नमनापासून ऐकायला मिळायचं.