मराठवाड्याच्या वाळवंटात इस्लापूर

एका अंकाच्या संपादकांचा मला फोन आला होता. दुष्काळावर विशेषांक निघणार होता आणि त्यात 'मराठवाड्याचं वाळवंट : आदिमानवापासून आजपर्यंत' असा मोठा लेख हवा होता. "तुम्ही तिकडचेच आहात. आणि हो, एक फोटोही पाठवा, भेगाळलेल्या जमिनीचा."

श्रावण चालू होता. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावरून अशी कोसळत होती की काठावर उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ, मध्ये नुसतं गढूळ पाणी आणि तुषार. मी त्याचाच फोटो पाठवला. उत्तर आलं, "सुंदर आहे, पण हा मराठवाडा वाटत नाही."

लेख मी लिहिला नाही. अंक निघाला, चांगलाही निघाला. मात्र त्या वाक्याने माझ्या वाचनाला खोडा घातला. मराठवाड्याच्या कोरडेपणावरचं जे जे हाताशी होतं ते मी पुन्हा काढलं आणि लक्षात आलं की हा आता एक ठरलेला लेखनप्रकार झाला आहे. आधी भेगाळलेली जमीन. मग सातवाहन, पैठण, तेर, गतवैभव. मग एकदम दुर्गादेवीचा दुष्काळ. मग निजामाची उपेक्षा, मग बहात्तर साल, मग लातूरची पाण्याची रेल्वे. आणि शेवटी इशारा, की हे असंच चाललं तर इथे वाळवंट होईल. माणसं बदलतात, राजवटी बदलतात, पण कथानायक एकच राहतो, न पडलेला पाऊस.

माझा आक्षेप या कथानायकावर आहे. पण आधी त्या फोटोबद्दल बोलू.

काळी कसदार जमीन दर उन्हाळ्यात भेगाळते. पाऊस उत्तम झालेल्या वर्षीही भेगाळते. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, खालची वर येते, आणि मृगाचं पहिलं पाणी त्याच भेगांतून खोल उतरतं. जमीन स्वतःला नांगरून घेते असं जुने शेतकरी म्हणतात ते याच अर्थाने. ज्या रानाला मेमध्ये हातभर भेग पडते ते रान विकत घ्यायला माणूस जास्त पैसे मोजतो. खरा करंटा तो मुरमाड माळ, ज्याला भेगही पडत नाही. म्हणजे दुष्काळाचं बोधचिन्ह म्हणून आपण जे वर्षानुवर्षं मुखपृष्ठावर छापतो, ते आपल्या सर्वांत चांगल्या जमिनीचं छायाचित्र असतं. हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, पण शेतकऱ्यांची पोरंच आता संपादक आहेत.

वाळवंट म्हणायचं तर आकडेही पाहायला हवेत. वर्षाला अडीचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, ही वाळवंटाची ढोबळ व्याख्या. जैसलमेरला दोनशेच्या आसपास पडतो. लातूरची सरासरी सातशे-आठशेच्या घरातली, आणि किनवटकडे, आमच्या जंगलपट्ट्यात, ती हजारच्या आसपास जाते. पाऊस लहरी आहे, खंड पडतात, सलग दोन वर्षं तो दगा देतो, हे सगळं खरं. पण लहरी पाऊस आणि वाळवंट यांत फरक आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या नकाशासंग्रहात महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के जमीन 'वाळवंटीकरण व जमिनीचा ऱ्हास' या सदरात दाखवली आहे, आणि आपल्या लेखांतून ती थेट 'अर्धा महाराष्ट्र वाळवंट' होऊन येते. त्या सदरात वाळू नाही. त्यात धूप आहे, तुटलेलं जंगल आहे, खारावलेली जमीन आहे. यातलं बरंचसं माणसाच्या हातून झालेलं आहे, आणि तेवढंच वाक्य उतरवून घेताना गळतं.

या लेखनप्रकाराचा प्राचीन भाग मला सगळ्यांत कमकुवत वाटतो. तिथे नेहमी इनामगाव येतं. आहे पुणे जिल्ह्यातलं, पण दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांबद्दल आपल्याला जे तपशिलात कळलं ते मुख्यतः तिथून. शेवटच्या काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, आणि त्यामागे कोरडं होत गेलेलं हवामान असावं, अशी मांडणी म. के. ढवळीकरांनी केली. मांडणी दमदार आहे. आमचे लेखक तिच्यातून एवढंच उचलतात की बघा, तीन हजार वर्षांपूर्वीही हेच. त्याच इनामगावात भरभराटीच्या काळातला बांध आणि पाण्याचा पाट सापडला, हे मात्र सांगायचं राहतं. पाऊस कमी म्हणून पाट काढणारी माणसं या कथेत बसत नाहीत, कारण कथेला सोसणारी माणसं हवी आहेत.

हालाच्या 'गाथासप्तशती'ची गत याहून गमतीची. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती १९५६ साली आली. ते साल लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे. गोदेच्या काठच्या त्या जगात साळीची शेतं आहेत, ताग आहे, कापूस आहे, पावसाळ्यात अडकलेले वाटसरू आहेत. आणि व्याध आहेत, पुलिंद आहेत, त्यांच्या बायका आहेत. दुष्काळ-लेखक यातलं शेत घेतो, 'पूर्वी किती हिरवं होतं' म्हणतो, आणि रानातली माणसं वगळतो. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत ती माणसं त्याच्या लेखात एकदाही परत येत नाहीत.

मधल्या काळात पाण्याचं काम थांबलं होतं असंही नाही. कंधारला राष्ट्रकूट काळातला जगत्तुंग सागर आहे, चारठाण्याची बारव आहे, औरंगाबादेत मलिक अंबरच्या काळातली नहर आहे. या गोष्टी लेखात येतात, पण पर्यटनाच्या चौकटीत. कुणी बांधलं हे असतं. पाणी कुणाला मिळत होतं, कुणाला पायरी चढायची बंदी होती, हे नसतं.

आणि मग भाषेचा प्रश्न, जो समीक्षेने विचारायला हवा होता. 'वाळवंट' हा शब्द मराठीत मुळात नदीचा आहे. चंद्रभागेचं वाळवंट, जिथे कीर्तन उभं राहतं. पैठणला गोदेचं वाळवंट, जिथे तापलेल्या वाळूत पोळणारं महाराचं लेकरू एकनाथांनी कडेवर उचललं अशी कथा आहे. वाळवंट म्हणजे पाण्याच्या शेजारची जागा, सगळ्यांनी जमण्याची जागा. सहारा आणि थर यांचा अर्थ या शब्दावर शाळेच्या भूगोलाने पक्का बसवला. माझी तक्रार अर्थ बदलण्याबद्दल नाही, शब्द बदलतातच. पण मराठवाड्याला वाळवंट म्हणणाऱ्या लेखांत खरं वाळवंट, म्हणजे नदीतली वाळू, रोज हायवांत भरून जाते आहे आणि तिच्यासोबत पात्रात पाणी धरून ठेवण्याची ताकदही जाते आहे, याची ओळसुद्धा नसते.

दुसरा शब्दही हरवला. सतराव्या शतकातल्या मराठीकडे संकटासाठी जोडशब्द होता, अस्मानी-सुलतानी. १६३०-३२चा दुष्काळ तुकारामांनी भोगला, रामदासांनी पाहिला. रामदास तर जांबचे, आजच्या जालना जिल्ह्यातले. त्या पिढीला ठाऊक होतं की आभाळ फाटणं वेगळं आणि सत्तेने लुटणं वेगळं, आणि बहुधा दोन्ही एकदम येतात. दामाजीपंतांची कथा लोकांनी एवढी जपली ती पाऊस पाडल्याबद्दल नाही, कोठार उघडल्याबद्दल. आजचं दुष्काळ-लेखन या जोडशब्दातली अस्मानी ठेवतं आणि सुलतानी निजामाच्या खात्यावर टाकून १९४८ साली मिटवून टाकतं. १९७६ला जायकवाडी पूर्ण झालं, वरची धरणं आणि खालची धरणं यांचं भांडण सुरू झालं, १९८४ला दांडेकर समितीने अनुशेषाचे आकडे मांडले. हे सगळं लेखात परिशिष्टासारखं येतं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा डब्यांचे फोटो जगभर गेले. मांजरा धरण कोरडं होतं हे खरं. त्याच खोऱ्यात उसाचं क्षेत्र कसं वाढलं, कारखाने कुणाचे, हे मात्र फोटोत मावत नाही. आभाळाला प्रश्न विचारला की उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं.

ललित लेखनाने हे वर्तमानपत्री लेखनापेक्षा किती तरी आधी ओळखलं होतं. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' आपण शाळेत वाचली आणि विसरलो. तिच्यात दुष्काळ नाही. पीक आलं आहे, भरघोस आलं आहे. बाजारात भाव नाही, आणि बाप आपल्याच टोमॅटोंचा पायाखाली चिखल करतो. मराठवाड्यातल्या नागवणुकीची सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट ओली आहे! रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'ही तशीच. एका शिंप्याच्या घराची पडझड, घरातल्या बाईच्या तोंडून. तिथे माणसं सुकतात ती गावाच्या राजकारणात, पोटातल्या ईर्ष्येत. या लेखकांना 'दुष्काळी भागाचे लेखक' म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि मी स्वतः एका परिसंवादात तो केला आहे.

आता इस्लापूर. १९५६चा राज्य पुनर्रचना कायदा काढून पाहा. मुंबई राज्यात कोणता मुलूख आला त्या यादीत आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका अशी नोंद आहे. म्हणजे आम्ही मराठवाड्यात आलो १ नोव्हेंबर १९५६ला, एका कलमाने. त्या दिवसापर्यंत आमचा इतिहास आदिलाबादचा होता, गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा यांचा होता. १९४०मध्ये जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या प्रश्नाकडे पाहणं भाग पडलं आणि हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ तिथे अभ्यासाला आला. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' १९४८ला छापून झालं. त्याने नोंदवलेली कहाणी पाऊस न पडल्याची नाही. राखीव जंगलाची रेघ गावातून गेली, पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावावर चढले, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस अतिक्रमक ठरला. भरपूर पावसात, हिरव्यागार रानात.

हे सगळं जवळून पाहणारा एक मराठी माणूस होता, सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१०, निलंग्याचा, म्हणजे अगदी आजच्या लातूर जिल्ह्यातला. हैदराबादच्या सेवेत आदिलाबादकडे असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांची व्याकरणं लिहिली, गोंडांवर इंग्रजीत पुस्तक केलं. मराठी वाचक त्यांना शिवकालासाठी ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण मराठवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्या माझ्या ओळखीच्या कुणीही त्यांच्या गोंडी कामाचा विषय माझ्याशी कधी काढलेला नाही. पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळात, भुजंग मेश्राम 'उलगुलान' लिहून गेले. तो संग्रह १९९०चा. आमच्या काठावर आम्ही त्यांना 'विदर्भातले' म्हणतो. मधली नदी पावसाळा सोडला तर पायी ओलांडता येते.

मला उलट बाजूही दिसते. 'आम्ही कोरडे' म्हटल्याशिवाय मुंबई ऐकत नाही. अनुशेष मागायचा तर प्रदेश एकजिनसी दाखवावा लागतो. गोविंदभाई श्रॉफांच्या पिढीने ती मागणी प्रामाणिकपणे केली आणि तिचा फायदा आम्हालाही झाला. पण निवेदनाची भाषा वेगळी आणि इतिहासाची वेगळी. निवेदनाच्या भाषेत इतिहास लिहिला की इस्लापूरच्या कोलामाला आधी दुष्काळग्रस्त व्हावं लागतं, मगच तो मराठवाड्याचा होतो. त्याची खरी तक्रार, वनहक्काच्या दाव्याची, तोवर फाइलीत पडून राहते.

त्या संपादकांचा यंदा पुन्हा फोन आला. विशेषांक आहेच. या वेळी मी लेख कबूल केला आणि फोटोही. मे महिन्यात सहस्रकुंडाला गेलो. धबधब्याचा खडक कोरडा होता, वरच्या अंगाला इसापूर धरण आहे (आमच्या नावाशी त्याचा घोळ होऊन आमची टपालं तिकडे जातात), पाणी तिथे अडलेलं. खाली डोहात थोडं उरलं होतं, त्यात दोन पोरं मासे धरत होती. फोटो काढला. खाली ओळ काय द्यायची, असं त्यांनी विचारलंय. मी लिहून पाठवलं, 'पैनगंगा, इस्लापूर, पूर्वीचा बोथ तालुका, जिल्हा आदिलाबाद.'