पडद्याचा आवाज आणि आपलं मत

पत्रिकेवर ‘अलीकडचे हिंदी चित्रपट : एका प्रेक्षकाचं मत’ असं छापलंय. प्रेक्षक एक नाही, आम्ही पाच जण आहोत. बोलायला एकाला पुढे ढकललंय इतकंच. आम्ही समीक्षक नव्हे. तिकीट काढतो, पॉपकॉर्नचा भाव ऐकून गप्प बसतो आणि सिनेमा सुटला की टपरीवर चहा घेत भांडतो. आज जे बोलणार ते त्या भांडणांतलंच. एकमत झालेलं तेवढं ‘आम्ही’ म्हणून सांगू.

गेल्या दोन-तीन वर्षांत मोठ्या हिंदी सिनेमाचा आवाज फार वाढलाय. अगदी कानाला जाणवण्याइतका. प्रेक्षकाने कुठे रडायचं, कुठे मुठी आवळायच्या हे पार्श्वसंगीत आधीच जाहीर करतं. पात्राला दुःख झालंय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायच्या आत शंभर वाद्यं आपल्या अंगावर येतात.

आवाज वाईटच असतो असं नाही. १ डिसेंबर २०२३ ला ‘अ‍ॅनिमल’ आला, तीन तास एकवीस मिनिटांचा. त्यातल्या बायकांच्या चित्रणाबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यातलं बहुतेक पटतं, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. पण हॉटेलातली ती मारामारी आठवा. उपेंद्र लिमयेचा फ्रेडी येतो, ती अजस्र मशीनगन येते आणि अजय-अतुलचं ‘डॉल्बी वाल्या’ वाजतं. २०१६ च्या ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’मधलं मराठी गाणं, एका पॅन इंडिया सिनेमात! थिएटर नाचत होतं. आम्हीही शिट्ट्या मारल्या आणि त्याचा आम्हाला मुळीच पश्चात्ताप नाही. संदीप रेड्डी वंगाला आवाज कुठे सोडायचा हे कळतं. त्याला तो कुठे बंद करायचा हे कळत नाही. शेवटाकडे मुलगा बापाला म्हणतो, तू मी हो, मी तू होतो. रणबीर आणि अनिल कपूर, दोघंच. तिथे सिनेमा पहिल्यांदा हळू बोलतो आणि ही गोष्ट कशाबद्दल होती ते कळतं. पण तोवर आपले कान बधिर झालेले असतात.

आता ‘छावा’. इथे आम्ही आमचाच आवाज जरा जपून काढतो. (हशा)

१४ फेब्रुवारी २०२५. लक्ष्मण उतेकरांचा चित्रपट, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला. प्रदर्शनाआधीच ट्रेलरमधल्या लेझीमच्या दृश्यावर हरकत आली आणि ते दृश्य काढलं गेलं. पुढे मध्य प्रदेशात आणि गोव्यात तो करमुक्त झाला. आपल्याकडे करमणूक कर २०१७ सालीच गेला होता, त्यामुळे माफ करायला काही शिल्लकच नव्हतं. थिएटरांत लोक उभे राहून गारद देत होते, मुलं हुंदके देत बाहेर पडत होती. अशा सिनेमाबद्दल ‘कसा वाटला?’ असं विचारलं की महाराष्ट्रात एकच उत्तर चालतं. आमच्यातल्या एकीने एका बारशाला दुसरं उत्तर दिलं. तिचे काका म्हणाले, ‘म्हणजे तुला महाराज आवडत नाहीत?’

या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. संभाजी महाराजांबद्दलचा आदर आपण घरून घेऊन जातो. तो तिकीट खिडकीवर मिळत नाही आणि सिनेमा फसला म्हणून कमीही होत नाही. तिकिटाचे पैसे आपण देतो ते पटकथेचे, अभिनयाचे, संगीताचे, कॅमेऱ्याचे. डोळ्यांत पाणी आलं ते महाराजांमुळे की दिग्दर्शकामुळे? आम्ही टपरीवर यावर दीड तास भांडलो आणि आमचं उत्तर असं निघालं की बहुतांशी महाराजांमुळे. सिनेमाने आपल्या मनात आधीच असलेली रक्कम उचलली आणि स्वतःच्या नावावर जमा केली.

कारण पाहा. चित्रपट सुरू होतो तो शिवाजी महाराजांच्या निधनाची बातमी मोगल दरबारात पोचते तिथून. म्हणजे नवव्या वर्षी आग्र्याला जाऊन आलेला मुलगा मागे राहिला. १६७८ साली दिलेरखानाकडे गेलेला आणि पुढच्या वर्षी परतलेला युवराज मागे राहिला. बाप-लेकांमधला तो सगळा ताण, सावंतांनी ज्यावर पानंच्या पानं खर्च केली, तोही मागेच राहिला. संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा माणूस पडद्यावर शोधावा लागतो. उरतो तो लढणारा, गरजणारा आणि शेवटी सोसणारा देह. विकी कौशलने त्या देहात जीव ओतलाय यात शंका नाही. संगमेश्वरची झुंज अंगावर येते. पण त्याला साधं वाक्य साध्या आवाजात बोलायची मुभा फार थोड्या वेळा मिळाली. आणि शेवटच्या छळाचं काय? नखं, मीठ, डोळे, जीभ, एकेक करून, जवळून. काही क्षणांनंतर आमच्यापैकी दोघांनी नजर वळवली. बलिदान किती मोठं होतं हे मराठी माणसाला जखमा मोजून सांगावं लागतं का?

गंमत म्हणजे या गदारोळात सगळ्यांच्या लक्षात राहिला तो हळू बोलणारा माणूस. अक्षय खन्नाचा औरंगजेब टोपी विणत बसतो, डोळे वर करतो, चार शब्द बोलतो. त्याच वर्षाच्या शेवटी ‘धुरंधर’मध्येही लोकांनी चर्चा केली ती त्याचीच. एक नट गप्प राहून दोन मोठे सिनेमे खिशात घालतो, यावरून पटकथा लिहिणाऱ्यांनी काही बोध घ्यावा की नाही?

‘छावा’तला आमच्या मते सर्वात चांगला प्रसंग बंदिवासातला आहे. साखळदंडांत महाराज आणि कवी कलश एकमेकांना ओळींनी उत्तरं देतात. देह संपत आलेत आणि दोन कवी बोलतायत. ‘बुधभूषण’कार सापडला तो तिथे. आमच्या खेळाला त्या दोन-तीन मिनिटांत एकही घोषणा झाली नाही, खुर्च्यासुद्धा वाजल्या नाहीत. कलशाचं काम विनीत कुमार सिंहने केलंय.

आणि बरोबर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, हाच विनीत पुन्हा एका लेखकाच्या भूमिकेत आला. चित्रपट ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’, दिग्दर्शन रीमा कागती, लेखन वरुण ग्रोवर. हात वर करा पाहू, कोणी पाहिला थिएटरात? … तीन. आमच्या खेळाला अकरा माणसं होती, त्यातले पाच आम्ही. गावातल्या मल्टिप्लेक्सने दिवसाला एकच खेळ ठेवला होता, तोही रात्री पावणेअकराचा. बाकी पडदे कोणाकडे होते ते सांगायला नको.

मालेगाव म्हटलं की वर्तमानपत्रांना २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट आठवतात. नाशिक जिल्ह्यातलं हे यंत्रमागांचं गाव. तिथल्या नासिर शेखने दोस्त गोळा करून, हाताशी असेल ते सामान वापरून ‘मालेगाव के शोले’ बनवला आणि गावाने तो डोक्यावर घेतला. ही खरी गोष्ट. सिनेमात नासिरचं काम आदर्श गौरवने केलंय. विनीत त्यात फरोग आहे, गावातला लेखक. श्रेय मिळत नाही म्हणून तो नासिरशी भांडतो, मुंबईला जातो, तिथे त्याला कोणी विचारत नाही. शशांक अरोराचा शफीक मागावर काम करतो. त्याला पडद्यावर एकदा हिरो व्हायचंय. तो आजारी पडतो, आणि दुरावलेले मित्र त्याच्यासाठी परत एकत्र येऊन सुपरमॅनचा सिनेमा करायला घेतात. इथे संगीत आपल्याला ढकलत नाही. रडू येतं, पण आपल्या वेळेने येतं.

दोष आहेत. उत्तरार्ध घाईत उरकलाय. मंजिरी पुपालाचं पात्र झोकात येतं आणि नंतर कथेला त्याची फारशी आठवण राहत नाही. तरी आम्हाला खुपतं ते वेगळंच. फेब्रुवारीत महाराष्ट्राच्या दोन गोष्टी हिंदीतून आल्या. एक आपण आपली म्हटली. मालेगावची गोष्टही इथलीच होती, तिच्याकडे आपण फिरकलोही नाही.

आता लहान सिनेमे सगळे थोर, असं आम्ही म्हणत नाही. ‘लापता लेडीज’ गोड आहे, छाया कदमची स्टेशनावरची टपरी तर बहारीची आहे. पण शेवटी रवी किशनचा फौजदार चांगुलपणाला जागतो आणि सगळे गुंते पटापट सुटतात, ते फारच सोयीचं वाटलं. नीरज घायवानच्या ‘होमबाउंड’मध्ये जान्हवी कपूरच्या वाट्याला पुरेसे प्रसंग नाहीत. मात्र पोलीसभरतीची स्वप्नं पाहणारे ते दोन मित्र आणि लॉकडाऊनमधली घराकडची वाट, हे त्याने ज्या संयमाने दाखवलंय त्याला तोड नाही. सिनेमा संपल्यावर आम्ही त्या रात्री टपरीवर गेलोच नाही.

वेळ संपत आली, प्रश्नोत्तरं घ्यायची आहेत. एक प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो: ‘मग ‘छावा’त तुम्हाला हवं तरी काय होतं?’ आम्हाला येसूबाई हव्या होत्या. रश्मिका मंदानाच्या हातात बहुतेक वेळ आरतीचं तबक आहे आणि डोळ्यांत पाणी. प्रत्यक्षात पती मारला गेल्यावर या बाईंनी राजारामांना रायगडाबाहेर काढलं, स्वतः मुलाला घेऊन गडावर थांबल्या, १६८९ मध्ये गड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या आणि तिथून परतल्या त्या १७१९ साली. ‘छावा’ जिथे संपतो तिथून पुढची ही ३० वर्षं आहेत. त्यात तलवारबाजी फारशी नाही, गर्जना नाही, एक बाई परमुलखात वाट पाहत्येय. यावर हिंदीत कोणी सिनेमा काढलाच, तर पहिल्या दिवशीची पाच तिकिटं आमची.

हं, विचारा.