प्रकाश, काळ आणि कार्यकारणभाव : हॉइल–नारळीकर मांडणीचे परीक्षण

साताऱ्याहून प्रक्षेपित केलेला रेडिओतरंग सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवरील सांगलीस ०.३७ मिलिसेकंदानंतर पोहोचतो. मॅक्सवेलची समीकरणे मात्र प्रक्षेपणाच्या तेवढाच काळ आधी तो सांगलीत असण्यासही मुभा देतात. पहिल्या उत्तरास विलंबित व दुसऱ्यास अग्रिम म्हणू. वर्गात आपण अग्रिम उत्तर ‘कार्यकारणभावाशी विसंगत’ या एका वाक्यात बाजूस सारतो. समीकरणांत नसलेला हा नियम बाहेरून आणलेला असतो. विद्यार्थ्यास तो प्रकाशाचाच गुणधर्म वाटतो.

या सवयीस गंभीर आव्हान देणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) अग्रगण्य होत. व्हीलर व फाइनमन यांनी १९४५ मध्ये दोन्ही उत्तरे निम्मी-निम्मी स्वीकारली. विश्वातील द्रव्य सर्व प्रारण शोषून घेत असेल, तर त्याच्या प्रतिसादामुळे अग्रिम भाग नाहीसा होतो, असे त्यांनी दाखविले. परंतु हेच गणित उलट दिशेनेही जुळते. म्हणून दिशानिश्चितीसाठी त्यांना उष्मागतिकीचा आधार घ्यावा लागला. हॉगर्थ यांनी १९६२ मध्ये हा निर्णय विश्वाच्या प्रसरणावर सोपविला. पण शोषणाच्या त्यांच्या गणितात उष्मागतिकी मागील दाराने शिरलीच होती. फ्रेड हॉइल व नारळीकर यांनी १९६४ मध्ये ती उसनवारी टाळली, हे त्यांचे खरे श्रेय. त्यांच्या मते स्थिर-स्थिती विश्वात भविष्यातील शोषण पूर्ण होते, म्हणून विलंबित तरंग टिकतात. आइन्स्टाइन–द सिटर विश्वात अग्रिम. १९७४ च्या ‘अ‍ॅक्शन अ‍ॅट अ डिस्टन्स इन फिजिक्स अँड कॉस्मॉलॉजी’ या ग्रंथात ही मांडणी पुंजवादापर्यंत नेलेली आढळते.

१९६५ मध्ये पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला आणि स्थिर-स्थिती सिद्धान्ताचा पाया डळमळला. १९९८ मध्ये आढळलेल्या प्रवेगी प्रसरणामुळे या निष्कर्षाची सुटका झाली, असेही म्हणता येत नाही. कारण स्थिर-स्थितीत नवनिर्मितीमुळे द्रव्याची घनता कायम राहते, येथे ती घटतच जाते आणि भविष्यातील शोषण अपुरे पडते.

यापेक्षा मूलगामी आक्षेप वेगळा आहे. ‘प्रसरण’ हा शब्दच काळाची दिशा गृहीत धरतो. काळ उलटा वाचला तर तेच विश्व आकुंचन पावते. तेव्हा येथे कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. प्रकाशाची कालदिशा आणि विश्वाची कालदिशा यांचा परस्परसंबंध तेवढा प्रस्थापित झाला आहे. तरीही वर्गातील त्या एका वाक्यापेक्षा हे कितीतरी अधिक आहे, कारण हा संबंध निरीक्षणाने खोटा ठरू शकतो. ते वाक्य ठरू शकत नाही.