बाण नसलेला तक्ता

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की अनेक शाळांच्या शिक्षक-खोलीत एक तक्ता टांगला जातो. डावीकडे कामांची यादी, वर तारखा आणि मध्ये रंगीत आडव्या पट्ट्या. पट्टीची लांबी म्हणजे कामाचा अवधी. अमेरिकन अभियंते हेन्री गँट यांच्या नावाने हा तक्ता ओळखला जातो. तो सुबक असतो, लांबूनही वाचता येतो. तरीही आमची त्याविषयी एक तक्रार आहे. कोणते काम केव्हा करायचे हे तो सांगतो. तेव्हाच का, हे सांगत नाही.

कल्याणचा पत्री पूल पाहा. रेल्वेमार्गावरचा हा ब्रिटिशकालीन पूल धोकादायक ठरल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आला. नवा पूल खुला झाला तो २५ जानेवारी २०२१ रोजी. मधली सव्वादोन वर्षे कल्याण-डोंबिवलीकरांनी वाहतूक कोंडी सोसली. अशा वेळी आपण सारे विचारतो, ‘पूल केव्हा होणार?’ खरे तर विचारायला हवे, ‘काम आता कशावाचून अडले आहे?’ सुमारे ७६ मीटर लांबीचा गर्डर रुळांवरून सरकवायचा, तर दोन्ही बाजूंचे आधार तयार हवेत, गर्डर जोडून तयार हवा आणि रेल्वेने गाड्या थांबवून ब्लॉक द्यायला हवा. यातली एक गोष्ट जरी नसली, तरी बाकीच्या दोन थांबून राहतात. हे काम नोव्हेंबर २०२० मध्ये झाले.

आता सोयीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. आधार बांधायला ८ आठवडे, गर्डर बनवायला १२ आठवडे. दोन्ही कामे एकाच दिवशी सुरू होतात. दोन्ही संपल्यावर गर्डर बसवायला १ आणि वरचा रस्ता करायला ५ आठवडे. एकूण १८ आठवडे. आधारांना ३ आठवडे उशीर झाला तर पुलाची तारीख हलत नाही, कारण तिथे ४ आठवड्यांची सवड आहे. गर्डरला तेवढाच उशीर झाला तर पूल ३ आठवडे लांबतो. नुसत्या पट्ट्यांत हे दोन उशीर सारखेच दिसतात. पट्टीच्या टोकापासून पुढच्या पट्टीच्या आरंभापर्यंत बाण काढला की फरक लगेच कळतो.

ही युक्ती नवी नाही. पोलंडचे अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६ मध्येच असा तक्ता तयार केला होता, की त्यात प्रत्येक कामाच्या पट्टीवर आधीच्या आणि नंतरच्या कामांची नोंद असे. पुढे १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत सीपीएम आणि पर्ट या पद्धती आल्या आणि अवलंबनाला गणिताची बैठक मिळाली. सवड नसलेल्या कामांची साखळी म्हणजेच ‘क्रिटिकल पाथ’.

मात्र बाणांचाही अतिरेक होतो. यादीत एकाखाली एक लिहिली म्हणून कामे एकमेकांवर अवलंबून ठरत नाहीत. प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका छापायला तारीख आणि पाहुण्यांचा होकार लागतो. प्रतिकृती पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. तिथे बाण काढणे म्हणजे नसलेली अडचण निर्माण करणे. उलट, रंग वाळायला लागणारा दिवस तक्त्यात अनेकदा नसतोच. त्या दिवशी कोणी काम करत नाही, पण पुढचे काम त्याच्यासाठी थांबते. म्हणून बाणावर ‘१ दिवस थांबा’ असे लिहायला हवे.

शिक्षकमित्रांनो, यंदाचा तक्ता मुलांकडूनच करून घ्या. प्रत्येक बाणापाशी त्यांना एकच प्रश्न विचारा : ‘आधीचे काम झाले नाही, तर हे खरोखरच अडेल का?’ ‘हो’ असेल तरच बाण राहू द्या. वर्गात ही सवय लागलेली मुले उद्या आपल्या गावातल्या रखडलेल्या पुलाकडे पाहून नुसती तारीख विचारून थांबणार नाहीत.