चौकटीबाहेरची ज्वारी

किल्लारीच्या शिवारात रब्बीची ज्वारी हुरड्यात आली, की भोरड्यांचे थवे उतरू लागतात. दर हिवाळ्यात छापून येणारी त्यांची छायाचित्रे आम्ही आवडीने पाहतो. पण बहुतेकांत गुलाबी अंग नि काळे डोके एवढेच दिसते. कणीस नाही, गोफण फिरवणारा तर नाहीच! सालिम अलींच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' (१९४१) या पुस्तकात पिकाची नासाडी आणि टोळांचा फडशा, दोन्ही येतात. मध्य आशियात हा पक्षी विणीच्या काळात टोळांवर पोसतो; चीनच्या शिनजियांगमध्ये तर त्याच्यासाठी मुद्दाम घरटी बांधतात. तिथला राखणदार इथे चोर ठरतो, तो या कणसापायी. तेच छायाचित्रकार कापून टाकतात. वर्गात असे चित्र लावताना शिक्षकांनी आधी विचारावे : थवा कुठल्या पिकावर होता?