लहान ताटली, हुरडा आणि यजमानपण : मंगळवेढ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

बाहेर जाऊन जेवणे ही शहरी मध्यमवर्गाच्या दृष्टीने आता केवळ सोय राहिलेली नसून ती एक सांस्कृतिक कृती झाली आहे. स्पेनमधील 'तापास'च्या धर्तीवर लहान लहान ताटल्यांत पदार्थ मागवून ते सर्वांनी मिळून खाण्याची रीत मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत रुळली आहे. २०१५ मध्ये मुंबईत लोअर परळ येथे सुरू झालेल्या 'द बॉम्बे कॅन्टीन'ने भारतीय प्रादेशिक पदार्थही अशा मांडणीत आणले. या रीतीची चिकित्सा करताना मंगळवेढ्याच्या हुरड्याचा विचार उपयुक्त ठरतो. थोडे थोडे, मिळून आणि घराबाहेर खाण्याची ती याच मातीतील जुनी रीत होय.

ताटलीचे मूळ :

'तापा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ झाकण असा आहे. स्पेनमधील ग्रानादा शहरात पेयासोबत लहानशी ताटली विनामूल्य पुढे ठेवण्याची प्रथा आजही आढळते. म्हणजे तेथे ताटली हा विकत घेण्याचा पदार्थ नसून यजमानाचा आग्रह असतो. महानगरात मात्र तीच ताटली पदार्थपत्रिकेवर स्वतंत्र किंमत घेऊन येते. खाणारे आपसांत वाटून खातात, परंतु देणारा यजमान या व्यवहारातून नाहीसा होतो. या प्रकारच्या भोजनाची खरी उणीव चवीत नसून येथे आहे.

हुरड्याची रीत :

मंगळवेढा परिसरातील खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर रब्बी ज्वारी येते. येथील मालदांडी ज्वारी प्रसिद्ध असून 'मंगळवेढा ज्वारी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. दाणा चिकात असताना कणसे खुडून गोवऱ्यांच्या आगटीत भाजली जातात. गरम कणीस तळहातावर चोळून, कोंडा फुंकून मूठभर दाणे समोरच्याच्या हातावर ठेवले जातात. सोबत शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, गूळ, दही असे थोडे थोडे असते. पुढे धान्य होऊ शकणारे कणीस कोवळेपणीच खुडणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याग असतो. त्यामुळे 'हुरडा खायला या' हे निमंत्रण ठरते. त्याची किंमत सांगितली जात नाही.

गेल्या काही दशकांत कृषी पर्यटनाच्या निमित्ताने 'हुरडा पार्टी' हा शब्द रूढ झाला. माणशी दर, ठरलेली वेळ आणि पोटभर जेवण असे तिचे स्वरूप असते. शेतकऱ्याला हंगामात रोख उत्पन्न मिळते, ही तिची जमेची बाजू नाकारता येत नाही. तथापि आगटीजवळ बसणारा पाहुणा येथे ग्राहक होतो आणि शेतकरी सेवा पुरविणारा होतो.

आगटीभोवती कोण बसले? :

असे असले तरी जुन्या रीतीचे सरसकट उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. मंगळवेढा ही संत दामाजी आणि संत चोखामेळा यांची भूमी आहे. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा येथे सर्वश्रुत आहे. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करीत असताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवावयास आल्याची कथा महिपतींच्या 'भक्तविजया'त येते. ज्याच्या पंक्तीला गाव बसत नव्हते, त्याच्या पंक्तीला देव बसला, हा त्या कथेचा आशय होय. अन्नदानाची आणि पंक्तिभेदाची स्मृती एकाच गावाने जपली आहे.

त्यामुळे ज्याने कणसे खुडली, तो मजूर आगटीभोवती बसत होता काय, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. निमंत्रण कोणाला द्यायचे, हे यजमान ठरवीत असे. आणि यजमानाच्या निवडीत जात येत असे. पैसे मोजणाऱ्याला जात विचारली जात नाही, ही बाजारी व्यवहाराची मोठी बाजू मान्य करावी लागते. मात्र हा व्यवहार जात विचारीत नसला, तरी खिसा विचारतो. खुडणारा मजूर दोन्ही व्यवस्थांत आगटीपासून दूर राहण्याची शक्यता उरतेच.

समारोप :

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारीला प्रतिष्ठित उपाहारगृहांच्या पदार्थपत्रिकेत मान मिळू लागला. हा मान स्वागतार्ह आहे. परंतु लहान ताटलीचे मूल्यमापन केवळ चव, मांडणी आणि नावीन्य यांवर करणे अपुरे होय. धान्य कोणत्या रानातले, शेतकऱ्याला त्याचे किती मिळाले आणि खुडणाऱ्याच्या हातावर मूठभर दाणे पडले काय, हे प्रश्नही खाद्यसमीक्षेच्या कक्षेत आले पाहिजेत. वाटून खाणे ही मांडणीची शैली नसून तो संबंध आहे. ज्या ताटलीतून तो संबंध जुळत नाही, ती कितीही सुबक असली तरी अपुरीच म्हणावी लागेल.