माजी सैनिकांचा आघातोत्तर ताण आणि स्वयंमार्गदर्शित ऑनलाईन उपचार : एक चिकित्सा (विशेष संदर्भ : कोल्हापूर परिसर)

प्रस्तावना :

कोल्हापूर, सांगली, सातारा आणि बेळगाव हा पट्टा सैनिकांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. शिरोळ तालुक्यातील 'सैनिक टाकळी' या गावाच्या नावातच सैनिक आहे. साताऱ्याजवळील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून प्रसिद्ध असून पहिल्या महायुद्धात त्या एका गावातील ४६ जण कामी आले. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र बेळगाव येथे आहे, तर प्रादेशिक सेनेची १०९ वी मराठा बटालियन कोल्हापुरात आहे. या प्रदेशाने सैनिकाच्या शौर्याचे आणि हौतात्म्याचे मुक्तकंठाने कौतुक केले आहे. मात्र जो सैनिक सुखरूप परतला, पण ज्याची झोप परतली नाही, त्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. अशा सैनिकासाठी अलीकडच्या काळात संगणक व मोबाईलवरील स्वयंमार्गदर्शित उपचारांचा पर्याय पुढे आला आहे. प्रस्तुत लेखात या पर्यायाची चिकित्सा करावयाची आहे. हे उपचार म्हणजे मूलतः एक प्रकारचा मजकूर आहे. त्यामुळे त्यांची भाषा कोणती, त्या मजकुरातील 'तुम्ही' नेमका कोण आणि त्यातील 'स्वयं' या शब्दावर कोणती जबाबदारी टाकली आहे, असे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

संकल्पनेची वाटचाल :

युद्धातील मानसिक आघात ही काही आजची बाब नाही. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश वैद्यकाने 'लॅन्सेट' या नियतकालिकातील लेखात 'शेलशॉक' हा शब्द वापरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मेसोपोटेमियातील कुत या गावाला तुर्की सैन्याचा वेढा पडला. वेढ्यात अडकलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याने शरणागती पत्करली आणि पुढे शिपायांच्या वाट्याला तुर्कांची कैद आली. मायर्सच्या लेखातील रुग्ण ब्रिटिश फौजेतील होते. कुतच्या मराठा शिपायाच्या दुःखाला त्या काळात असे कोणतेही नाव मिळाले नाही. स्मारकशिळेवर मृतांची नावे कोरली जातात. परतलेल्यांच्या उडालेल्या झोपेची नोंद तेथे होत नसते.

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या अवस्थेला स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार तिची लक्षणे चार गटांत मांडली जातात. आघाताचा पुनःपुन्हा अनुभव येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, विचार व भावनांमध्ये प्रतिकूल बदल होणे आणि सतत सावध, उत्तेजित अवस्थेत राहणे, हे ते चार गट होत.

स्वयंमार्गदर्शित उपचारांचे स्वरूप :

अमेरिकेतील माजी सैनिक विभाग व संरक्षण विभाग यांनी २०११ मध्ये 'पीटीएसडी कोच' हे मोबाईल ॲप उपलब्ध करून दिले. त्यात आजाराची माहिती, लक्षणांची स्वतः करावयाची मोजणी, श्वसनाचे व मन वर्तमानात आणण्याचे सराव आणि मदत मिळवण्याचे मार्ग यांचा समावेश आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, स्वीडन इत्यादी देशांनी त्याच्या स्वतःच्या आवृत्त्या तयार केल्या. 'व्हेटचेंज' हा दुसरा कार्यक्रम इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या, मद्यपान आणि आघातोत्तर ताण या दोन्हींनी ग्रस्त सैनिकांसाठी आहे. ६०० माजी सैनिकांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यात मद्यपान आणि ताणाची लक्षणे कमी झाल्याचे दिसून आले.

भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष प्रायोगिक तत्त्वावर उघडण्यात आला. १० ऑक्टोबर २०२४ रोजी या सेवेचे मोबाईल ॲपही आले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारापासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके आहे. ही दरी पाहता असे उपचार केवळ यंत्रावर आधारलेले आहेत म्हणून नाकारणे योग्य ठरणार नाही.

त्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. सेवेतील जवानाला 'लो मेडिकल कॅटेगरी'ची धास्ती असते. निवृत्तीनंतर तो बँकेत सशस्त्र रक्षक म्हणून काम करीत असेल, तर मनाच्या आजाराचा कागद झाला की बंदुकीचा परवाना आणि त्यासोबत नोकरीही जाईल, अशी भीती त्याला वाटते. गावात मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना कोणी पाहिले तर काय, हा प्रश्न असतोच. अशा माणसाला कोणालाही न सांगता उघडता येणारे साधन हवेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

भाषेचा प्रश्न :

तथापि हे साधन मराठीत आणावयाचे म्हटले, की पहिला अडथळा नावापासूनच सुरू होतो. मूळ संज्ञेतील 'डिसऑर्डर' या शब्दाला मराठीत बहुधा 'विकृती' हा प्रतिशब्द दिला जातो. शास्त्रीय परिभाषेत तो निर्दोष असेल. परंतु बोलीव्यवहारात 'विकृत' ही शिवी आहे. ज्या माणसाला सरकारने पदक दिले, त्याला ॲपच्या पहिल्याच पानावर 'तुम्हाला विकृती आहे' असे सांगणे म्हणजे तेथेच त्याला परत पाठवणे होय. 'विकार' हा शब्द त्या मानाने सौम्य आहे. 'ताण' हा शब्द मात्र परीक्षा, नोकरी, कर्ज अशा सगळ्यासाठी वापरून इतका झिजला आहे की त्यातून युद्ध सूचित होत नाही.

या अनुभवासाठी मराठीकडे शब्द नाहीत असे नाही. 'धसका घेणे', 'दचकून उठणे', 'झोप उडणे', 'जीव घाबराघुबरा होणे', 'कशातच मन न लागणे', 'उगाच डोक्यात राख घालून घेणे' ही सारी बोलीतील संपदा आहे. लक्षणांच्या वीस प्रश्नांच्या प्रचलित प्रश्नावलीतील बहुतेक आशय या शब्दांत मावतो. अडचण अशी की यांतील काही शब्दांवर भित्रेपणाची छाया आहे. 'धसका' पोराने किंवा म्हाताऱ्याने घ्यावा, फौजी माणसाने नव्हे, असा समाजाचा संकेत आहे. त्यामुळे 'तुम्ही धसका घेतला आहे का?' या प्रश्नाला माजी हवालदार 'नाही' असेच उत्तर देईल. 'आवाज झाला की शरीर आपोआप आडोसा शोधते का?' असे विचारले तर तो कदाचित होकार देईल. पहिला प्रश्न त्याच्या धैर्याला आव्हान देतो, तर दुसरा त्याच्या प्रशिक्षणाची दखल घेतो. भाषांतर बिनचूक असूनही निदान चुकू शकते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

मजकुरातील 'तुम्ही' :

दुसरा प्रश्न या कार्यक्रमांनी गृहीत धरलेल्या वाचकाचा आहे. 'शांत खोलीत बसा', 'डोळे मिटा', 'स्वतःसाठी वेळ काढा' अशी वाक्ये अशा साधनांत वारंवार येतात. त्यांमागे स्वतंत्र खोली, स्वतःचा मोबाईल आणि मोकळा वेळ असलेला माणूस उभा आहे. गडहिंग्लज वा चंदगड तालुक्यातील दोन खोल्यांच्या घरात मोबाईल मुलाच्या हातात असतो आणि पहाटे गोठ्यातील धार चुकत नाही. शिवाय ज्याने अनेक रात्री डोळे उघडे ठेवण्याचेच काम केले, त्याला डोळे मिटण्याची सूचना सुखाची वाटेलच असे नाही. नजर एखाद्या स्थिर वस्तूवर ठेवून तोच सराव करण्याची मुभा असणे आवश्यक आहे.

स्थानिक जीवनातील प्रसंगही या मजकुरात यावे लागतील. लग्नसराईतील फटाके, दिवाळीतील सुतळी बॉम्ब आणि गणेश विसर्जन मिरवणुकीतील डॉल्बीचा दणदणाट हे या परिसरात आघात जागा करणारे प्रसंग ठरू शकतात. कॅन्टीनमधून मिळणारी रम हाही असाच विषय आहे. फौजी माणसाची ती प्रतिष्ठित सवय मानली जाते. त्यामुळे झोप येण्यासाठी घेतलेला पेला आजार म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. 'व्हेटचेंज'ने ताण आणि मद्यपान एकत्र हाताळले, हे त्याचे खरे वैशिष्ट्य आपल्याकडे म्हणूनच उपयोगी आहे. निवृत्तीनंतरच्या नोकरीचेही तसेच. पंधरा-सतरा वर्षांची सेवा करून चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त झालेला जवान अनेकदा सुरक्षारक्षकाची रात्रपाळी स्वीकारतो. त्याच्या निद्रानाशाला पगार मिळू लागतो आणि लक्षण पात्रतेत बदलते. अशा माणसाला 'तुमच्या झोपेचे वेळापत्रक ठरवा' असे सांगणारा मजकूर त्याला ओळखत नाही, असेच म्हणावे लागेल.

'स्वयं' या शब्दाची चिकित्सा :

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न 'स्वयं' या शब्दाचा आहे. येथे संशोधनाचा आधार घेणे उचित ठरेल. ब्रिटनमधील 'नाईस' या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत संगणकाधारित बोधनिक-वर्तन उपचारांना स्थान आहे. परंतु ते साहाय्यासह दिले जावेत आणि लक्षणे तीव्र असल्यास अथवा रुग्णाकडून स्वतःला वा इतरांना धोका असल्यास वापरू नयेत, अशी मर्यादा तेथे घातली आहे. २०२२ मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झालेल्या १९६ रुग्णांच्या चाचणीत 'स्प्रिंग' हा ऑनलाईन कार्यक्रम प्रत्यक्ष उपचारांपेक्षा कमी प्रभावी नसल्याचे आढळले. त्यातही उपचारतज्ज्ञाचे मार्गदर्शन होते आणि रुग्ण एकाच आघातातून आलेल्या, सौम्य ते मध्यम लक्षणांचे होते. सैनिकाचा आघात बहुधा एका घटनेचा नसतो. काश्मीरमधील राष्ट्रीय रायफल्सच्या तैनातीत शोधमोहीम, सुरुंग आणि डोळ्यांदेखत गेलेला साथीदार असे अनुभव एकावर एक साचत जातात. म्हणून 'स्प्रिंग'चा निष्कर्ष आपल्या माजी सैनिकाला जसाच्या तसा लावता येणार नाही. मदतीशिवायचे कार्यक्रम मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते, हेही विसरता येत नाही.

हा केवळ वैद्यकीय तपशील नाही. सैन्यात कोणीही एकट्याने काही करीत नाही. प्रत्येक जवानाला 'बडी' असतो. एकाने झोपावे आणि दुसऱ्याने जागावे, हा तेथील जगण्याचा नियम आहे. ज्या माणसाला संपूर्ण सेवाकाळात एकटे सोडले गेले नाही, त्याला जखम भरण्याच्या वेळी मात्र 'स्वयंमार्गदर्शित' व्हावयास सांगणे, हा त्याच्या साऱ्या शिकवणीशी विसंगत व्यवहार आहे. त्याहून गंभीर बाब जबाबदारीची आहे. आघात त्याने स्वेच्छेने ओढवून घेतलेला नाही. राष्ट्राच्या आदेशाने तो तेथे गेला होता. उपचार पूर्ण न झाल्यास ॲपच्या नोंदीत 'वापरकर्त्याने कार्यक्रम सोडला' एवढेच दिसते. आदेश देणारी व्यवस्था त्या वाक्यात कोठेच नसते. स्वावलंबनाच्या गोंडस शब्दाआड राज्यसंस्थेचे कर्तव्य रुग्णाच्या खांद्यावर जाण्याचा धोका येथे आहे.

या संदर्भात समाजाची वृत्तीही तपासावी लागते. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा जिल्ह्यात हुतात्मा झाले, तेव्हा त्यांना निरोप देण्यासाठी जनसमुदाय लोटला. हुतात्म्याला निरोप कसा द्यावा, हे या मातीला ठाऊक आहे. परतलेल्याला रात्री तीन वाजता काय म्हणावे, हे मात्र त्याच्या पत्नीलाही कोणी शिकवलेले नसते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्वयंमार्गदर्शित ऑनलाईन उपचार हे दार म्हणून मोलाचे आहेत. घर म्हणून ते अपुरे आहेत. मराठीत असे साधन घडवायचे झाल्यास त्याची भाषा परिभाषाकोशाबरोबरच निवृत्त जवान व त्यांच्या कुटुंबीयांच्या बोलण्यातून घ्यावी लागेल. मूल्यमापनाचे प्रश्न धैर्याला डिवचणारे नसावेत. माहिती कोणाकडे जाईल, तिचा निवृत्तिवेतनाशी व परवान्याशी संबंध आहे की नाही, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेले असावे. तीव्र लक्षणे वा आत्मघाताचे विचार आढळताच वापरकर्ता थेट माणसाशी जोडला जावा. गावोगावच्या आजी-माजी सैनिक संघटनांतील प्रशिक्षित माजी सैनिकाने दर आठवड्याला एक दूरध्वनी करावा आणि त्यामागे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, माजी सैनिकांचे ईसीएचएस पॉलिक्लिनिक व मानसोपचारतज्ज्ञ उभे असावेत. पलटणीत ज्याला 'बडी' म्हणतात, तो उपचारातही असला पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचार हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानला आहे. ॲप हा तो हक्क मिळवण्याचा एक मार्ग आहे. ॲप दिले म्हणजे हक्क दिला, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.